आग होणारा चेहरा आणि रोजचं ऊन : रोझेशियाच्या त्वचेला झेपेल असं संरक्षण

(येलदरी, ता. जिंतूर, जि. परभणी इथे दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. श्रोत्यांचे निवडक प्रश्न शेवटी दिले आहेत.)



आजचा विषय तसा छोटा आहे. चेहऱ्याला ऊन लागू नये म्हणून रोज काय करायचं, एवढाच. पण मी सगळ्यांच्या चेहऱ्याबद्दल बोलणार नाही. ज्यांचे गाल, नाक, हनुवटी आणि कपाळाचा मधला भाग वरचेवर तापतो, लाल होतो, चुरचुरतो, ज्यांना तिथे बारीक पुटकुळ्या येतात, त्यांच्याबद्दल बोलणार आहे. या दुखण्याला रोझेशिया म्हणतात. मराठीत त्याला रूढ असं नाव नाही. बाई म्हणते, "चेहऱ्याची आग होतीय." शेजारीण म्हणते, "उष्णता झाली असंल." सासू म्हणते, "पित्त हाय, ताक पी." आणि मेडिकलवाला एक ट्यूब काढून देतो. या चौघांपैकी खरं नुकसान चौथ्याच्या सल्ल्याने होतं. त्याच्याकडे मी नंतर येतो.

आधी ओळखायचं कसं ते पाहू. गोऱ्या कातडीवर ही लाली लांबूनच दिसते. म्हणून जुन्या पाठ्यपुस्तकांतून हा जणू युरोपातल्या लोकांचाच आजार आहे असं वाटायचं. आपल्या गव्हाळ, सावळ्या रंगात लाली लपते. चेहरा तांबूस-काळसर दिसतो, कधी नुसता रापल्यासारखा. त्यामुळे बघण्यापेक्षा विचारण्यावर जास्त भर द्यावा लागतो. साबणाने तोंड धुतलं की चुरचुरतं का? कुठलीही क्रीम लावली की झोंबते का? गरम चहा, ठेचा, चुलीची धग, रागाचा झटका, यानंतर गाल पेटल्यासारखे होतात का? हाताला गाल गरम लागतात का? मुरुमांमध्ये जे काळे-पांढरे खिळे असतात ते इथे सहसा नसतात. आणि डोळे विचारायला विसरू नका. डोळ्यांत खडा गेल्यासारखं वाटणं, पापण्यांच्या कडा लाल राहणं, पुन्हा पुन्हा रांजणवाडी येणं, हेही याच आजाराचं अंग असू शकतं. त्यात ढिलाई केली तर नजरेवर बेततं.

एक इशारा इथेच देऊन ठेवतो. उन्हात गेल्यावर दोन्ही गालांवर लाल चट्टा येतो आणि सोबत सांधे दुखतात, तोंड येतं, बारीक ताप राहतो, केस गळतात, फार थकवा वाटतो, असं असेल तर तो ल्युपस नावाचा वेगळा आजार असू शकतो. तरुण बायकांमध्ये तो जास्त दिसतो आणि मूत्रपिंडापर्यंत जातो. तिथे क्रीम निवडत बसायचं नाही. रक्त-लघवीची तपासणी आधी.

आता मूळ मुद्दा. ऊन आपल्या चेहऱ्यावर एकाच रूपात येत नाही. त्यात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात, आणि त्यात ताप असतो, म्हणजे उष्णता. सर्वसाधारण माणसाला या दोन्हींत भेद करायची गरज पडत नाही. रोझेशियाच्या माणसाला पडते, कारण त्याला दोन्ही बाधतात. अतिनील किरण कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भोवतालचा आधार हळूहळू कमकुवत करतात आणि दाह वाढवतात. उष्णतेचं काम लगेचचं आहे. मिनिटभरात चेहरा पेटतो.

हे पेटणं कसं होतं ते गंमतशीर आहे. कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांना जणू बारीक दारं असतात, उष्णता लागली की ती उघडतात. डेव्हिड ज्युलियस या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९७ मध्ये असं एक दार शोधून काढलं आणि पुढे २०२१ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना अर्डेम पटापुटियन यांच्यासोबत मिळालं. ते दार शोधायला त्यांनी काय वापरलं माहितीये? मिरचीचं तिखट, म्हणजे तिच्यातलं कॅप्सायसिन. साधारण ४३ अंशांच्या पुढे कातडी तापली की जे दार उघडतं, तेच मिरचीनेही उघडतं. म्हणून ठेच्याने तोंड "भाजलं" असं आपण म्हणतो ते शब्दशः खरं आहे. मज्जातंतूला दोन्हींतला फरकच कळत नाही. रोझेशियाच्या कातडीत ही दारं फार हळवी झालेली असतात. दुसऱ्याला जी ऊब वाटते ती यांना धग वाटते.

आता यातून काय निघतं बघा. सनस्क्रीन क्रीम अतिनील किरण अडवते. उष्णता अडवत नाही. पुष्कळ पेशंट म्हणतात, "एवढी महागाची क्रीम लावली तरी शेतात गेलं की तोंड लालच होतंय, मग ही खोटी आहे." क्रीम खोटी नसते. तिला जे काम येत नाही ते आपण तिच्याकडून मागतो. म्हणून या त्वचेसाठी माझा क्रम ठरलेला आहे : पहिली वेळ, दुसरी सावली, तिसरं कापड, चौथी क्रीम. जाहिरातीत हा क्रम बरोबर उलटा असतो.

वेळ कशी ओळखायची? घड्याळाची गरज नाही, स्वतःची सावली बघा. सावली तुमच्या उंचीपेक्षा लांब असेल तर ऊन तिरपं आहे, अतिनील किरण तुलनेने कमी आहेत. सावली उंचीपेक्षा आखूड झाली की ते जोरात आहेत. येलदरी साधारण पावणेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरच्या आठवड्यात इथे सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. त्यात नवल नाही. पण डिसेंबरचं काय? २१-२२ डिसेंबरला, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशीसुद्धा, दुपारी इथे सूर्य क्षितिजापासून ४७ अंश वर असतो. म्हणजे तेव्हाही दुपारची सावली तुमच्या उंचीपेक्षा थोडी आखूडच असते. कापूस वेचणीच्या दिवसांत आपण म्हणतो, "आता काय, थंडीचं ऊन, बरं वाटतंय." ताप कमी असतो हे खरं, पण दुपारचे अतिनील किरण पूर्ण सुट्टीवर गेलेले नसतात. अंगाला ऊन सोसतं म्हणून आपण त्यात जास्त वेळ बसतो, हा उलट तोटा.

आणि पावसाळ्यात? जुलैत सूर्य डोक्यावर असतो पण आभाळ असतं. पातळ ढगांतून ९० टक्क्यांहून जास्त अतिनील किरण खाली येऊ शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. निंदणीला बसलेल्या बाईला तेव्हा ऊन जाणवतच नाही, आणि चार दिवसांनी चेहरा का उठला ते कळत नाही.

सावलीवर भरवसा किती ठेवायचा, याचा एक प्रयोग मला फार आवडतो. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या एका तलावाकाठी तो झाला, आपल्या धरणासारखंच मोकळं पाणी. एका गटाला किनाऱ्यावर रोवायची मोठी छत्री दिली, दुसऱ्याला एसपीएफ १०० ची क्रीम. दोघेही साडेतीन तास दुपारच्या वेळी तिथे थांबले. निकाल २०१७ मध्ये छापून आला : छत्रीखालच्यांपैकी ७८ टक्के लोक कुठे ना कुठे उन्हाने भाजले, क्रीमवाल्यांपैकी २५ टक्के. छत्रीखाली बसूनही भाजले कसे? कारण अतिनील किरण सगळे सूर्याकडून सरळ येत नाहीत. बराच मोठा वाटा आभाळात विखरून चहूबाजूंनी येतो. बाभळीच्या झिरझिर सावलीत बसलात तर ताप कमी लागतो, पण उघड्या आभाळाचा वाटा चेहऱ्यावर येतच राहतो. लिंबाच्या किंवा वडाच्या दाट सावलीची गोष्ट वेगळी, तिथून वर पाहिलं तर आभाळ फारसं दिसत नाही. बस, हीच खूण. जिथून आभाळ कमी दिसतं ती सावली चांगली. आणि लक्षात घ्या, या प्रयोगात दोन्ही गटांत भाजलेले लोक होते. एकटी सावली पुरत नाही आणि एकटी क्रीमही पुरत नाही.

कापडाचं आपल्या बायकांना मी काय सांगणार? पदर, स्कार्फ, वर टोपी, सगळं त्यांनी आधीच शोधलंय. फक्त दोन गोष्टी. पातळ पांढरं सुती कापड, ज्यातून पलीकडचा हात दिसतो, ते फार कमी अडवतं, आणि घामाने ओलं झालं की त्याहून कमी. घट्ट विणीचं, रंगीत कापड बरं. दुसरं म्हणजे, गाडीवर बसताना पोरी स्कार्फ नाकावरून करकचून आवळतात. रोझेशियाच्या चेहऱ्याला ते घासणं आणि आतली वाफ दोन्ही नडतात. सैल बांधा, नाकापुढे हवा खेळू द्या. पायी जायचं तर घट्ट कापडाची काळी छत्री उत्तम, ती चेहऱ्याला न शिवता काम करते. पुरुषांना छत्री घेऊन चालायची लाज का वाटते हे मला अजून कळलेलं नाही.

आता क्रीम. हिला चौथा नंबर दिला म्हणून ती बिनमहत्त्वाची नाही. डोळ्यांच्या खाली, नाकावर, गालाच्या उंचवट्यावर कापड राहत नाही, आणि आजार नेमका तिथेच असतो.

बाजारातल्या क्रीममध्ये किरण अडवणारे पदार्थ दोन जातींचे असतात. एक खनिजं : झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड. क्रिकेटवाले गालावर-नाकावर पांढरे पट्टे ओढायचे, ते झिंकचेच. दुसरी जात सेंद्रिय रसायनांची, ॲव्होबेन्झोन, ऑक्सिबेन्झोन, ऑक्टोक्रिलीन वगैरे. रोझेशियासाठी मी सुरुवात खनिजांपासून करायला सांगतो. याचं कारण मात्र नीट समजून घ्या, कारण इंटरनेटवर एक चुकीचं कारण फिरतंय. म्हणे रसायनं किरणांची उष्णता करतात म्हणून चेहरा तापतो, आणि खनिजं आरशासारखी किरणं परत फेकतात. तसं नाही. खनिजंसुद्धा अतिनील किरण बहुतांश शोषूनच घेतात, परत फेकतात ते थोडेच. खरं कारण साधं आहे : खनिजं कातडीच्या वरच बसून राहतात, झोंबत नाहीत, डोळ्यांत उतरली तरी आग कमी करतात. एखाद्याला रसायनाची क्रीम वर्षभर लावून काही त्रास नसेल, तर त्याने ती बदलायची गरज नाही.

दोघांत झिंकचा पल्ला मोठा. जे लांब लहरींचे किरण काचेतूनही आत येतात, एसटीच्या खिडकीशी बसल्यावर ज्यांचा एकाच गालाला त्रास होतो, ते झिंक जास्त चांगलं अडवतं. अडचण रंगाची आहे. आपल्या वर्णावर झिंकचा थर राखाडी दिसतो. पेशंट म्हणतात, "डॉक्टर, गिरणीतनं दळण घेऊन आल्यासारखं तोंड दिसतंय." त्याला उपाय आहे, रंगछटेची सनस्क्रीन. तिच्यात लोह ऑक्साइड घातलेलं असतं, म्हणजे तांबडा-पिवळा खनिज रंग. थर चेहऱ्याच्या रंगात मिसळतो, लाली झाकते, आणि ज्यांना सोबत वांग आहे त्यांना दिसणाऱ्या प्रकाशापासूनही थोडं संरक्षण मिळतं. वांग आणि रोझेशिया एकाच चेहऱ्यावर असणं आपल्याकडे दुर्मीळ नाही.

घेताना वेष्टन उलटवून वाचा. सुगंध किंवा परफ्यूम लिहिलंय? ठेवून द्या. अल्कोहोल पहिल्या चार-पाच घटकांत आहे? ठेवून द्या. मेन्थॉल, कापूर, निलगिरी, लिंबू, "थंडावा देणारी" अशी भाषा? ती तर आधी ठेवा. मेन्थॉलचा गारवा हा मज्जातंतूंना दिलेला चकवा आहे, आपल्याला नको ती मज्जातंतूंचीच छेड. आणि "उजळपणा", "गोरेपणा" असं काही छापलं असेल तर त्या वस्तूचं आणि तुमचं काम वेगळं आहे, एवढं समजा.

एसपीएफच्या आकड्यामागे लोक फार धावतात. ३० ची क्रीम पूर्ण जाडीने लावली तर त्वचा लाल करणाऱ्या किरणांपैकी तीसांत एक भाग आत जातो, म्हणजे तीन-साडेतीन टक्के. ५० ची असेल तर दोन टक्के. फरक आहे, पण छोटा. मोठा फरक जाडीचा आहे. हे आकडे प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावून काढतात. आपण घरात त्याच्या निम्मीही लावत नाही, मग संरक्षणही निम्म्यावर किंवा त्याखाली येतं. अंदाज असा : तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ काढा, तेवढी चेहऱ्याला. साधारण एक ग्रॅम होते. आकडा ३० च्या वर असावा आणि पीए पुढे तीन किंवा चार अधिकची चिन्हं असावीत, बस. पीए हे लांब लहरींच्या किरणांपासूनच्या संरक्षणाचं माप आहे.

आता खर्च बघा. ५० ग्रॅमची ट्यूब रोज एकदा पूर्ण चेहऱ्याला लावली तर ५० दिवस, दुपारी परत लावली तर २५ दिवस. चांगल्या खनिज क्रीमचे पैसे म्हणजे मजुरीवर जाणाऱ्या बाईचे एक-दोन दिवसांचे रोज. दर महिन्याला हे परवडत नाही आणि "परवडवा" असं मी म्हणणार नाही. म्हणून तर कापड आधी. खालचा अर्धा चेहरा घट्ट विणीच्या सैल पदराने झाकला तर क्रीम वरच्या अर्ध्यालाच लागते. ट्यूब दुप्पट चालते. पातळ थर सगळीकडे फासण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

नवी क्रीम थेट तोंडाला फासू नका. चार-पाच दिवस कानाच्या मागे किंवा जबड्याच्या कडेला लावून बघा. सकाळी तोंड साध्या कोमट-गार पाण्याने धुवा, अंगाचा साबण चेहऱ्याला नको. डॉक्टरांचं औषध असेल तर ते पहिलं, मग साधं मॉइश्चरायझर, ते मुरलं की सनस्क्रीन. चोळायची नाही, टेकवत पसरायची. शेतात घाम आला तर ओलसर मऊ फडक्याने टिपून घ्या आणि दोनेक तासांनी परत लावा.

आता ती मेडिकलची ट्यूब. या भागात, आणि देशभरच, चेहऱ्याच्या कशावरही स्टिरॉइडचं मलम दिलं जातं : बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन. कधी त्यात बुरशीचं आणि जंतूंचं औषध मिसळलेलं, कधी गोरेपणाचं. दोन दिवसांत लाली जाते, चेहरा उजळतो, बाई खूश. महिन्या-दोन महिन्यांनी कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या वर दिसू लागतात, ट्यूब एक दिवस चुकली की तोंड भडकतं. मग पुन्हा ट्यूब. खरा रोझेशिया नसलेल्या माणसालाही यातून हुबेहूब रोझेशियासारखा आजार होतो. देशातल्या अनेक त्वचारोग केंद्रांतल्या २,९२६ रुग्णांची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातले ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवलं होतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. कायदा आहे. दुकानात काय चालतं ते तुम्ही मला सांगा.

अशी ट्यूब चालू असेल तर जगातली कुठलीही सनस्क्रीन उपयोगी पडणार नाही, कारण खालची जमीनच खचतेय. पण आज घरी जाऊन ती फेकूनही देऊ नका. थांबवल्यावर काही दिवस, काही आठवडे चेहरा जास्त भडकतो, आणि माणूस घाबरून परत तीच ट्यूब धरतो. हे भडकणं अपेक्षित आहे, ते सांभाळायला औषधं आहेत. ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, जिल्हा रुग्णालयात विचारा, नाहीतर ई-संजीवनीवर मोबाइलवरून सल्ला घ्या. खोकं फेकलं असेल तर ट्यूबचा फोटो तरी ठेवा.

श्रोत्यांचे प्रश्न

"चुलीपुढं बसलं की जास्तच होतंय. तवा बी क्रीम लावायची का?"

चुलीतून अतिनील किरण येत नाहीत, त्यामुळे क्रीमचा तिथे उपयोग नाही. तिथे अंतर आणि वारा. चूल दाराच्या वाऱ्याच्या बाजूला, भाकरी बाजूने बसून थापा, तोंड जाळासमोर नको, आणि मध्ये मध्ये ओला रुमाल गालाला टेकवा. बर्फ नको. हळद शिजवायच्या दिवसांतही हेच, कढईच्या वाफेत वाकून बघायचं काम ज्याचा चेहरा उठत नाही त्याला द्या. आणि घरात गॅस असेल तर निदान दुपारचा स्वयंपाक त्यावर होऊ द्या की.

"आम्ही धरणात मासे धरतो. पाण्यावरून ऊन उलटून येतं, त्याचं काय?"

डोळे दिपतात म्हणून तसं वाटतं. सूर्य वर असताना पाणी अतिनील किरण थोडेच परत फेकतं, दहा टक्क्यांच्या आत. कोरडी वाळू त्याहून जास्त फेकते. होडीतला खरा त्रास वेगळा आहे : तिथे चहूबाजूंनी उघडं आभाळ असतं. रुंद काठाची टोपी, मानेवर रुमाल, आणि जाळं टाकायचं-काढायचं काम पहाटे आणि संध्याकाळी, ते तुम्ही बहुधा करताच. क्रीम घेतली तर पाण्यात टिकणारी घ्या. तिच्यावर ४० किंवा ८० मिनिटं असं लिहिलेलं असतं, तेवढ्यानंतर परत लावायची असते.

"कॅलामाइन लोशन स्वस्त आहे, त्यात झिंकच असतं म्हणे. तेच लावलं तर?"

प्रश्न हुशारीचा आहे. असतं झिंक ऑक्साइडच, आणि गुलाबी रंग लोह ऑक्साइडचा. पण त्याचा थर सारखा बसत नाही, वाळून पापुद्रे निघतात, कातडी कोरडी पडते, आणि किती ऊन अडवतं हे कुणी मोजून त्यावर छापलेलं नसतं. खाज-घामोळ्यासाठी ठीक, उन्हासाठी नाही. तसंच लिंबाचा रस चोळून उन्हात जाऊ नका. लिंबातल्या काही द्रव्यांमुळे ऊन लागून कातडी अक्षरशः पोळते आणि काळे डाग महिनोन्महिने राहतात.

"तोंड झाकून ठेवलं तर ड जीवनसत्त्व कामून मिळंल?"

हातापायांतून मिळेल. कातडी सगळीकडचीच ते तयार करते, चेहरा अंगाचा छोटासा भाग आहे. दंड-पोटऱ्या थोडा वेळ उघड्या ठेवा, चेहऱ्याला सुट्टी द्या. आधीच कमी असेल तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून गोळी घ्या. त्यासाठी गाल भाजून घ्यायचं कारण नाही.

"ट्यूब शेतात न्यावी तर उन्हात पातळ होते."

होतेच. गाडीच्या डिकीत किंवा बांधावर उघड्यावर ठेवू नका, तापून तिच्यातलं सगळं वेगळं होतं आणि मग ती सारखी लागत नाही. जेवणाच्या डब्यासोबत, ओल्या फडक्यात गुंडाळून, पाण्याच्या घागरीला टेकवून ठेवा.